लिंबाएवढी अक्षरं

प्रताप नगरातल्या आमच्या घरातून त्या वर्षी रोज संध्याकाळी एक चमत्कारिक आवाज यायचा. आधी लांब शिट्टी, मग पत्र्यावर कुणी खिळा ओढावा तशी किरकिर, तीही चांगली पाच मिनिटं. पलीकडच्या काकू कुंपणावरून आईला विचारायच्या, "काय वं, मिक्सर बिघडला का तुमचा?" आणि आई मोठ्या तोऱ्यात सांगायची, "नाई वं, आमची शुभा कॉम्प्युटरले शिकवून राहिली." तिच्या मते मी कॉम्प्युटर शिकत नव्हते, मीच त्याला शिकवत होते. आज विचार करते तर तिचं म्हणणं फारसं चुकीचं नव्हतं, कारण त्या यंत्राला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं आणि ते मी त्याला काडी काडी जोडून शिकवत होते.

ते यंत्र माझ्या मामेभावाचं. काटोलच्या मामांचा दिलीप परदेशातून सुट्टीवर आला तेव्हा घेऊन आला आणि जाताना माझ्या हवाली करून गेला. "तू बीएस्सी करून राहिली ना, ठेव तुझ्यापाशी." पाटीएवढं काळं खोकं, रबराच्या कळा, पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि आठवण ठेवायला कॅसेटचा टेपरेकॉर्डर; ती शिट्टी आणि किरकिर त्याचीच. आमचा टीव्ही कृष्णधवल, लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा. त्याच्या डोक्यावर स्टॅबिलायझर घुंघुं करत बसलेला असायचा. बातम्यांची वेळ झाली की बाबा खुर्ची ओढून माझ्या मागे बसायचे आणि घसा खाकरायचे. मी वायर काढून टीव्ही त्यांच्या स्वाधीन करायची.

मराठी अक्षरांचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते आईमुळे. आईला साखरेचा आजार होता आणि त्या आजाराने तिच्या डोळ्यांचा पडदा पोखरला होता. माणसं दिसायची, रंग दिसायचे, भांड्यांवरचा उजेड दिसायचा, पण पुस्तकातली ओळ म्हणजे तिला नुसती करडी रेघ. धंतोलीच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आहे तेही हळूहळू जाणार, वर्ष जाईल, दोन जातील. आणि ही बाई वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणणारी! भाजीला फोडणी देता देता डाव्या हातात पुस्तक धरणारी! मी म्हटलं, मी वाचून दाखवते. दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नको वं. कानानं वाचलेलं मले पचत नाई. वाचणं म्हंजे मनात येईल तिथं थांबणं, वाटलं तर मागं जाणं. तू तर एस्टीवानी पळतेस."

तेव्हा मी आलेखाच्या वह्या आणल्या. सोळा चौकोन आडवे, सोळा उभे, त्यात पेन्सिलीने 'क' भरायचा, प्रत्येक ओळीचा आकडा काढायचा आणि ते आकडे यंत्राला द्यायचे. मग तेच अक्षर दुप्पट ताणायचं. पडद्यावर एका ओळीत आठ अक्षरं आणि अशा चार ओळी. अक्षर पिकल्या लिंबाएवढं. पहिला 'क' उमटला तेव्हा आईने टीव्हीपासून हातभर अंतरावर पाट घेतला, मान जरा तिरकी केली, कारण डोळ्याच्या कडेने तिला बरं दिसे, आणि म्हणाली, "क. पोटफुगा क." मी इतकी हसले की बाबा बाहेरून आत आले.

पण अर्धी मुळाक्षरं भरली की यंत्र म्हणायचं, जागा संपली. 'श' बसेना, 'ळ' बसेना, जोडाक्षरांचं तर नावच नको. आईचं नाव सुशीला. ती म्हणायची, "तुह्या मशीनले माहं नावच घेता येत नाई, मंग काय कामाची?" मी दिलीपला पत्र लिहिलं. महिन्याभराने त्याच्याकडून एक चपटा डबा आला. त्यात काळ्या फोममध्ये टोचलेल्या बारा चिपा आणि कुठली कुठे बसवायची त्याचा हाताने काढलेला नकाशा. याने आठवण तिपटीने वाढेल, त्याने लिहिलं होतं.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. त्यांचा जन्मभराचा एक मंत्र, "चालत्या मशीनले हात लावू नये." यंत्राचं पोट उघडायचं म्हटल्यावर त्यांनी तो मला तीनदा ऐकवला आणि चौथ्यांदा ऐकवत ऐकवत स्वतःचा बारीक पेचकस माझ्या हातात दिला. दसऱ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. मी नकाशा पाहून बारा चिपा बसवल्या, झाकण लावलं आणि टीव्ही सुरू केला. चाललं! 'श' बसला, 'ळ' बसला, 'ज्ञ'सुद्धा बसला.

आता आईची मागणी ऐका. काटोलच्या मामांचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते. मामांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आईने ते कुणाला वाचू दिलं नव्हतं. गादीखाली ठेवलं होतं. ते तिने मला दिलं. "हे त्याच्यात टाक. पण वाचू नको."

"आई, न वाचता टाकू कसं?"

"अक्षरं पाह्य. मजकूर नको पाहू. भावानं बहिणीले लिहिलेलं आहे ते."

मी शपथ घेतली. दोन संध्याकाळी एकेक अक्षर वेचून पत्र यंत्रात घातलं, कॅसेटवर चढवलं. ठरलं असं की दसऱ्याला जेवणं झाली की आई स्वतःच्या हाताने कळांखालची लांब पट्टी दाबणार आणि पान उलटत भावाचं पत्र वाचणार. उरलेलं नवरात्र ती या एका गोष्टीवर खूश होती. मला आठवतं, दळणाच्या डब्यापाशी बसून ती आपल्याशीच गुणगुणत होती.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा असे आणि बाबांमुळे ती जरा जास्तच जोरात असे. सकाळी पुढच्या खोलीत पाट मांडले. पेचकस, पक्कड, मीटर, शिवणयंत्र, पुस्तकं, दारात स्कूटर. यंदा मानाच्या पाटावर कॉम्प्युटर. पूजा आई करायची. डोळे अधू झाले म्हणून तिने कुठलंच काम सोडलं नव्हतं. सगळं हाताने चाले. डाव्या तळव्याने वस्तू चाचपायची, तिचं तोंड कुठे ते ओळखायचं, मग फुलाने पाणी शिंपडायचं आणि ओल्या बोटाने हळद, कुंकू, वर अक्षता. शिवणयंत्राचं डोकं सापडलं, स्कूटरचा दिवा सापडला. कॉम्प्युटरवरून हात फिरवत ती मागच्या बाजूला गेली, तिथे थोडी थांबली, आणि भरपूर पाणी, भरपूर कुंकू वाहिलं. मी दारात गोळाभाताचे गोळे वळत उभी होते. मी ते सगळं पाहत होते आणि मला त्यात काहीच दिसलं नाही.

जेवण झालं. पुरणपोळी, गोळाभात, कढी. आईने पुरणाला हात लावला नाही. तिला घाई होती. तिने हात धुतले, पदराने पुसले आणि पाट टीव्हीसमोर ओढला. मी बटण दाबलं.

पडद्यावर उभ्या पट्ट्या. काळे-पांढरे चौकोन, फाटक्या सतरंजीसारखे, आणि सगळं चित्र खालून वर घसरत चाललेलं.

मी आधी टीव्हीच्या मागचं बटण फिरवलं. घसरणं थांबलं, पट्ट्या राहिल्या. चॅनलची चकती इकडे-तिकडे करून पाहिली. वायर बदलली. स्टॅबिलायझरचा काटा पाहिला. सणाच्या दिवशी व्होल्टेज पडतं म्हणून घरातले पंखे बंद केले. पट्ट्या तशाच. मग माझी खात्रीच झाली की मी बसवलेल्या चिपांमध्ये घोळ आहे. खोकं उघडलं. एकेक चीप काढली, पुन्हा बसवली. तिसऱ्या वेळी एकीचा पाय वाकला. तो चिमट्याने सरळ केला. शेवटी बाराच्या बारा काढून यंत्र मूळचं होतं तसं केलं. तरी पट्ट्या! खरं म्हणजे तिथेच मला कळायला हवं होतं. नव्या चिपा काढूनही दुखणं तसंच राहतं, म्हणजे दुखणं चिपांचं नाही. पण एकदा माणसाने चूक आपली मानली की डोळ्यासमोरचा पुरावासुद्धा दिसत नाही. मी धरून चालले की मी यंत्र जाळलं.

मग बाबांचा मंत्र आला आणि या वेळी थट्टेत नव्हता. "सांगितलं होतं ना? चालत्या मशीनले काहून हात लावला? चांगली चालून राहिली होती!" मी म्हटलं, "'श' नव्हता बाबा." ते म्हणाले, "आता 'क' तरी आहे का?" मी पेचकस खाली ठेवला आणि रडले.

आई पाटावर बसूनच होती. दोन तास ती तशीच बसली होती. मग उठली, मामांचं पत्र हातात घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "राहू दे वं शुभे. तूच वाच. ऐकते मी." कानाने वाचलेलं पचत नाही म्हणणारी माझी आई. मी घडी उघडली, 'चि. सुशीस' इतकंच वाचलं आणि घडी पुन्हा मिटली. आयुष्यात पुढे बऱ्याच गोष्टी हातून बिघडल्या, पण त्या दुपारइतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल.

तेवढ्यात फाटक वाजलं. गजभियेकाका.

गजभियेकाका बाबांच्या बरोबर खापरखेड्याला, मीटर आणि पॅनेल सांभाळणाऱ्या विभागात. राहायलाही तिथल्याच वसाहतीत. दरवर्षी दसऱ्याला ते सहकुटुंब दीक्षाभूमीवर यायचे. बायको-मुलं तिथे नातेवाइकांत रमली की काका संध्याकाळी चालत आमच्याकडे चहाला येत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गुडघ्यापर्यंत धूळ. पूजा-अर्चा त्यांच्या घरात नव्हती. त्यांच्या आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच ती मागे टाकली होती. केंद्रात सगळे आपापल्या पॅनेलला हार घालत, काका आदल्या दिवशी आपलं पॅनेल कापडाने लख्ख पुसत. बाबा दरवर्षी चिडवत, "गजभिये, तुझी पूजा राहिली." ते म्हणत, "माही पूजा पुसून झाली, भाऊ."

माझं तोंड पाहून ते म्हणाले, चहा नंतर; आई तरी आधण ठेवायला आत गेली. मी यंत्र दाखवायला उठले तर म्हणाले, "दाखवू नको. आधी सांग. शेवटचं बरोबर कधी चाललं?"

"काल संध्याकाळी."

"मंग काल संध्याकाळपासून त्याच्यासंगं काय काय झालं? बिघडल्यावर तू काय केलं ते नको. बिघडायच्या आधीचं सांग. कोणं हलवलं, कुठं ठेवलं?"

ही त्यांची पद्धत. बाबा सांगत, गजभिये पॅनेल उघडायच्या आधी मागच्या पाळीच्या माणसाला गाठतो आणि काय झालं ते विचारतो. काय सापडलं ते नोंदवहीत लिहितो, त्यात स्वतःची चूक असली तरी लिहितो. काका म्हणत, बिघाडाचं कारण खोटं लिहिलं की पुढच्या पाळीचा माणूस मरते.

मी सांगितलं, काल बंद केलं, रात्रभर टेबलावर होतं, सकाळी पाटावर ठेवलं, पूजा झाली, दुपारी लावलं. पूजेचं मी जेवणासारखंच सांगून गेले. काकांनी मान हलवली. यंत्र उचललं आणि पाठमोरं केलं. मागे एक लांब फट होती, जोडणीसाठी ठेवलेली, आत तांब्याच्या बारीक पट्ट्यांची रांग. तिथे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथून कपबशांचा आवाज येत होता. बाबा ओसरीवर तोंड फिरवून बसले होते.

"शुभा, वैनीच्या इंजेक्शनचा स्पिरिट आहे ना? तो आण. कापूस आण. अन् शाळेतलं खोडरबर."

मी आणलं. त्यांनी खुर्ची फिरवून दाराकडे पाठ केली. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून फटीत फिरवला. बाहेर आला तो लालभडक. दुसरा पिवळा आणि त्याला चिकटलेला तांदळाचा एक दाणा. मी तोंड उघडलं तर त्यांनी मान हलवून मला गप्प केलं. पाच-सहा बोळे झाले. खोडरबराने पट्ट्या घासल्या, फुंकर मारली. आणि मग ते लाल-पिवळे बोळे गोळा करून त्यांनी आपल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात घातले. कचऱ्याची टोपली त्यांच्या पायाशीच होती.

"लाव आता तुह्या चिपा."

मी बाराही चिपा पुन्हा बसवल्या. बटण दाबलं. पडदा स्वच्छ, खालच्या कोपऱ्यात अक्षरांची एक सरळ ओळ.

बाबा आत आले. "काय होतं, गजभिये?"

"गंज चढला होता, भाऊ. पावसाळ्यातली ओल. आमच्या पॅनेलले नाई चढत का?"

"म्हंजे पोरीनं नाई बिघडवलं?"

"पोरीचं काम सोळा आणे. मी असतो तर दोन चिपा मोडल्या असत्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन माझ्यासाठी पुरणपोळी घेऊन आले, वर तुपाची वाटी. माफी मागायची त्यांची तीच रीत होती.

कॅसेटची शिट्टी झाली, किरकिर झाली. तोवर आई चहा घेऊन आली, काकांच्या हातात कप दिला, क्षणभर त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मग पाटावर येऊन बसली. पडद्यावर लिंबाएवढी अक्षरं उमटली. आईने मान तिरकी केली. आधी एकेक अक्षर चघळलं, मग दोन-दोन, मग शब्द.

"चि. सु... सुशीस... अनेक आशीर्वाद." थांबली. "शुभे, 'श' बरा काढला." मग लांब पट्टी दाबली. "यंदा झाडं... फांद्या मोडेपर्यंत... लदली आहेत." पुन्हा पट्टी. "तू ज्या झाडावरून... पडली होतीस... ते मात्र अजून... तुझ्यावर रुसून आहे." आणि ती हसली. हसत हसत पानाच्या सुरुवातीला मागे गेली, तेच पान पुन्हा वाचलं, पुन्हा हसली. मजकूर न वाचण्याची शपथ घेतलेली मी तोंड दाबून बसले होते. काकांचा चहा गार झाला. तेवीस पानं झाली, आणि तेवीसही तिने स्वतः उलटली.

काकांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. ते म्हणाले, "भाऊले मी खोटं सांगितलं. तुले खरं माहीत आहे, ते बरं आहे, कारण पुढची पाळी तुही आहे. त्या फटीले कापडाची पट्टी लावून ठेव. अन् वैनीले बोलू नको. तिचं काही चुकलं नाई. तिले ते मशीनचं तोंड वाटलं."

त्या दिवशी काका टोमणा मारू शकले असते आणि तो टोमणा खोटा नसता. कुंकवाने यंत्र बिघडलं, हे सांगायला त्यांच्याइतका हक्क कुणाला होता? नोंदवहीत एक अक्षर खोटं न लिहिणाऱ्या त्या माणसाने माझ्या आईसाठी खोटं कारण सांगितलं. पुढे मी तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवले. मुलींना पहिल्या दिवशी सांगायची, आधी विचारा की काय झालं, मग उघडा. हे कुणाकडून शिकले तेही सांगायची. बाकीचं मात्र आज पहिल्यांदा लिहिते आहे. आता मलाही साखर आहे. फोनवर दोन बोटं ताणली की अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं, आणि मला दर वेळी ते लाल बोळे आठवतात.

आई आणखी पावणेदोन वर्षं वाचू शकली. मामांची पत्रं, मी टाईप केलेल्या गोष्टी, एकदा तर वाचनालयातली अख्खी कादंबरी, बावीस कॅसेटमध्ये. तेवढी वर्षं तिला मिळाली याबद्दल मी कुणाचे आभार मानावेत हे मला नेमकं माहीत आहे.

पुढच्या दसऱ्याला पाट मांडले. मी फटीला पट्टी लावलेली होती, तरी आईच्या हाताकडे डोळे लावून होते. शिवणयंत्र झालं, मीटर झालं. कॉम्प्युटरपाशी तिचा हात आला, झाकणावरून एकदा फिरला आणि खाली उतरला. तिने हळद-कुंकू पाटाला वाहिलं. पाणी शिंपडलंच नाही. कोरडं फूल तेवढं वर ठेवलं.

"त्याले नाई लावलं, आई?" मी विचारलं.

"त्याले सोसत नाई," ती म्हणाली आणि स्कूटरकडे वळली.

संध्याकाळी काका आले. तोच पांढरा शर्ट, कारण दसऱ्याचा त्यांच्याकडे तो एकच होता. खिशाचा खालचा कोपरा अजून फिका गुलाबी होता. आईने चहाच्या आधी एक पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. आत पांढरं शर्टाचं कापड होतं.

"हे काहून, वैनी?"

"पांढऱ्यावर लाल, तितकं दिसते मले अजून," आई म्हणाली. "वर्षभर वाचलं, भाऊ, तुमच्या खिशाच्या भरोशावर."

बाबा तिघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. गजभियेकाकांनी, पकडल्या गेलेल्या शाळकरी मुलासारखा, खिशावर हात ठेवला.